बंद बल्बातली साखर गेली कुठे?

मी बरीच वर्षं रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. मागे एका गावात शिबिर होतं, सकाळी उपाशीपोटी रक्त घ्यायचं होतं, गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त झाली आणि फ्लोराइडचे बल्ब, म्हणजे साखर टिकावी म्हणून ज्यांत फ्लोराइड घातलेलं असतं त्या करड्या टोपणाच्या छोट्या नळ्या, मधेच संपले. मग शेवटच्या काही लोकांचं रक्त साध्या बल्बात घेतलं गेलं, त्यात गाडी उशिरा आली, आणि सॅम्पल मशीनवर लागेपर्यंत चार तास उलटून गेले. त्यातल्या एका काकूंची साखर आली १०२. रिपोर्ट बघून कुणीही म्हणेल ठीक आहे, पण सॅम्पल किती वेळ पडून होतं ते मला माहीत होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना परत बोलावलं, करड्या टोपणाच्या बल्बात रक्त घेतलं आणि लगेच लावलं, तर १३१. म्हणजे डायबेटिसची शंका घेण्याइतकी साखर, जी आदल्या दिवशी आमच्या हातून निसटली होती.

काकूंना काय झालं ते खरं खरं सांगितलं, की रक्त तसंच ठेवलं की त्यातली साखर कमी होत जाते. त्या म्हणाल्या, "अगं पण बंद बाटलीतून साखर जाईल कुठे? सांडली नाही, मुंग्या लागल्या नाहीत!" प्रश्न इतका बरोबर होता की तेव्हा दोन मिनिटांत दिलेलं उत्तर मला अपुरं वाटत राहिलं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे रक्त बल्बात पडलं तरी मेलेलं नसतं. एका घनमिलिमीटरमध्ये ४० ते ५० लाख तांबड्या पेशी, त्याशिवाय पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, या सगळ्या जिवंत असतात आणि जिवंत आहेत म्हणजे खातात. तासाला साधारण ५ ते ७ टक्के या वेगाने बल्बातली साखर त्या संपवत जातात, पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतील तर त्याहून जास्त. आता "खातात" म्हणजे नेमकं काय करतात, तिथे खरी गंमत आहे.

त्याआधी एक वाक्य सांगते जे आपण सगळे शाळेत घोकलंय आणि जे मला आता फार खटकतं. "साखरेच्या बंधांमध्ये ऊर्जा साठवलेली असते, बंध तुटला की ती बाहेर पडते." असं नाहीये. कुठलाही बंध तोडायला उलट ऊर्जा द्यावी लागते. मिळते ती कधी, तर तुटलेले अणू नव्याने कुणाशी तरी जास्त घट्ट जोडले जातात तेव्हा. साखरेतले कार्बन आणि हायड्रोजन एकमेकांना तसे सैलसर धरून असतात, ते ऑक्सिजनशी जोडले गेले की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं आणि तिथली पकड फार घट्ट, कारण ऑक्सिजन इलेक्ट्रॉनच्या बाबतीत भयंकर हावरा आहे. सैल पकडीतून घट्ट पकडीत जाताना जो फरक पडतो तोच आपल्याला ऊर्जा म्हणून मिळतो. म्हणजे साखर एकटी फारसं काही देत नाही, साखर आणि ऑक्सिजन यांची भेट झाली तर भरपूर देते. डब्यातली साखर वर्षानुवर्षं तशीच राहते ना, ऑक्सिजन तर आजूबाजूला भरपूर असतो, पण भेट घडवणारं कुणी नसतं.

आता रक्तातली साखर म्हणजे ग्लुकोज, त्याच्या एका रेणूत ६ कार्बन, १२ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जाळलं तर सुमारे ६८६ किलोकॅलरी मिळतात, आणि ते चुलीत जाळा किंवा शरीरात, सुरुवात आणि शेवट तोच असेल तर बेरीज तीच येते. फरक एवढाच की चुलीत सगळी ऊर्जा एका झटक्यात उष्णता होऊन निघून जाते. पेशीला त्याचा उपयोग नाही, तिला स्नायू ओढायचेत, मीठ बाहेर पंप करायचंय, प्रोटीन बांधायचंय, ही कामं नुसत्या गरम करण्याने होत नाहीत. तिला ऊर्जा लहान मापात हवी. गुळाची अख्खी ढेप कुणी तोंडात घालत नाही, फोडून खडा काढतो, तसं. पेशीचा तो खडा म्हणजे एटीपी.

एटीपीला तीन फॉस्फेट असतात, शेवटचं फॉस्फेट सुटलं की (१८० ग्रॅम ग्लुकोजमध्ये जितके रेणू तितकेच एटीपी धरले तर) सुमारे ७.३ किलोकॅलरीचं काम होतं, प्रत्यक्ष पेशीतल्या परिस्थितीत त्याहून जास्त, आणि उरलेल्या एडीपीला परत फॉस्फेट लावलं की पुन्हा एटीपी तयार. शरीरात कुठल्याही क्षणी एटीपी असतं जेमतेम १०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी, पण तेच इतक्या वेळा मोडून पुन्हा जोडलं जातं की दिवसभराची उलाढाल आपल्या स्वतःच्या वजनाच्या घरात जाते.

इथे एक नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमला १८९५ साली जन्म, १९२३ मध्ये अमेरिकेला गेले आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करताना १९२९ मध्ये स्नायूंमधून एटीपी वेगळं काढलं, त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही ते स्वतंत्रपणे शोधलं. जिवंत असलेल्या प्रत्येक पेशीत जे चालतं ते शोधणाऱ्यांमध्ये आपल्याकडचा एक माणूस आहे आणि आपल्याच मुलांना त्याचं नाव माहीत नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. हत्तीपायाच्या मोहिमेत विदर्भात घरोघरी वाटतात त्या डीईसी गोळ्यांमागेही त्यांच्याच टीमचं काम आहे.

बरं, परत बल्बात येऊ. तांबडी पेशी साखर आत घेते आणि पहिलं काम काय करते तर तिला एक फॉस्फेट चिकटवते. असं केलं की साखरेवर विद्युतभार येतो आणि ती पेशीच्या पडद्यातून परत बाहेर जाऊ शकत नाही, अडकली. पुढे आणखी एक फॉस्फेट लागतं. म्हणजे आधी पदरचे २ एटीपी घालायचे. मग ६ कार्बनच्या रेणूचे ३-३ चे दोन तुकडे होतात आणि पुढच्या पायऱ्यांवर ४ एटीपी हाती येतात, निव्वळ नफा २. एकूण १० पायऱ्या, प्रत्येकीला वेगळं एन्झाइम (म्हणजे ती पायरी घडवून आणणारं प्रोटीन), शेवटी पायरुव्हेट नावाचे ३ कार्बनचे दोन रेणू. याला ग्लायकोलिसिस म्हणतात आणि यात ऑक्सिजनचा कुठेही संबंध येत नाही.

करड्या टोपणाच्या बल्बातलं फ्लोराइड इथेच आडवं येतं. ते या १० पैकी ९ व्या पायरीवरचं एनोलेज नावाचं एन्झाइम बंद पाडतं. पण ९ वी पायरी म्हणजे जवळजवळ शेवट, वरच्या पायऱ्या थोडा वेळ चालूच राहतात, पुढचा माल तुंबून मागे एटीपीची चणचण झाली की मग सगळं थांबतं. म्हणून फ्लोराइडच्या बल्बातसुद्धा पहिल्या तास-दोन तासांत साखर थोडी उतरतेच, नंतर मात्र टिकते. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते, नाहीतर त्यांना वाटतं करडं टोपण लावलं की सॅम्पल दिवसभर टेबलावर ठेवायला मोकळे.

आता एक अडचण. ग्लायकोलिसिस चालताना साखरेतून काही हायड्रोजन, खरं तर त्याचे इलेक्ट्रॉन, काढले जातात आणि ते वाहून न्यायला एनएडी नावाचा हमाल असतो. हे हमाल मोजकेच. सगळ्यांच्या डोक्यावर ओझी आली आणि उतरवायला जागा नसेल तर काम ठप्प, मग साखर कितीही असू दे. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीच्या आतले ऑक्सिजन वापरून एटीपी करणारे छोटे कारखाने, नसतात, त्यामुळे ऑक्सिजनपर्यंत ओझं न्यायची सोयच नाही. अख्ख्या शरीराला ऑक्सिजन पोचवणारी ही पेशी स्वतःच्या ऊर्जेसाठी त्यातला कणही वापरत नाही! मग ती ओझं कुठे उतरवते, तर त्याच पायरुव्हेटवर, आणि त्याचं होतं लॅक्टेट. हमाल मोकळा, परत कामाला.

म्हणजे काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. साखर कुठेही गेली नव्हती, प्रत्येक रेणूचे दोन तुकडे होऊन लॅक्टेट या रूपात ती त्याच बल्बात होती, फक्त आमचं मशीन ग्लुकोज मोजत होतं, लॅक्टेट नाही. उरलेलं अर्धं उत्तर शेवटी.

लॅक्टेटची उगाच फार बदनामी झालीय. ट्रेकला जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात तेव्हा लोक म्हणतात लॅक्टिक ॲसिड साठलं. ते तर दम खाल्ल्यावर तास-दीड तासात रक्तातून निघून जातं, दुसऱ्या दिवशीचं दुखणं हे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं. लॅक्टेट हा कचरा नाही, हृदयाचा स्नायू ते इंधन म्हणून आवडीने वापरतो. यीस्टला हीच ओझं उतरवायची अडचण येते तेव्हा ते लॅक्टेटऐवजी अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं, त्याच गॅसने पाव फुगतो. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट चिरडून नुसता रस काढला, तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तर बुडबुडे यायला लागले! जिवंत पेशी नसतानाही साखर आंबते हे तिथे कळलं, आणि पेशीच्या आत काय चालतं ते परीक्षानळीत बघता येतं ही वाट खुली झाली.

आता ज्या पेशींकडे मायटोकॉन्ड्रिया आहेत त्यांचं बघू, मेंदू, स्नायू, लिव्हर वगैरे. त्यांना २ एटीपीवर समाधान मानायची गरज नाही. पायरुव्हेट मायटोकॉन्ड्रियात जातं, तिथे दारातच त्याचा एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो (या पायरीला बी-वन जीवनसत्त्व लागतं, एनएडी हमाल बी-थ्रीपासून बनतो, म्हणून बी-कॉम्प्लेक्सची गोळी. ती स्वतः ताकद देत नाही, ताकद काढायची हत्यारं पुरवते). उरलेला २ कार्बनचा तुकडा ४ कार्बनच्या एका रेणूला जोडला जातो आणि ६ कार्बनचं सायट्रिक ॲसिड तयार होतं, तेच जे लिंबात असतं. मग एकेक करत दोन कार्बन डायऑक्साइड सुटतात, हमालांच्या डोक्यावर भराभर ओझी चढतात आणि शेवटी पहिला ४ कार्बनचा रेणू जसाच्या तसा परत मिळतो, पुढच्या तुकड्यासाठी तयार.

हे चक्र आहे हे ओळखलं हान्स क्रेब्स यांनी. जर्मनीतले ज्यू डॉक्टर, १९३३ मध्ये नाझींनी नोकरीवरून काढलं, इंग्लंडला आले आणि शेफील्डमध्ये १९३७ मध्ये कबुतराच्या छातीच्या स्नायूवर काम केलं. कबुतरच का, तर उडायचा स्नायू, ऑक्सिजन प्रचंड वेगाने वापरतो. स्नायूच्या खिम्यात सायट्रिक ॲसिड अगदी चिमूटभर घातलं तर ऑक्सिजनचा वापर त्या चिमटीच्या हिशोबाला न बसण्याइतका वाढायचा. ती चिमूट नुसती जळून संपत असती तर तेवढ्यापुरताच ऑक्सिजन लागला असता. ती संपतच नव्हती, फिरून फिरून परत येत होती, म्हणजे वाट सरळ नाही, गोल आहे. इतका सुंदर तर्क मला दुसरा क्वचित दिसलाय. त्यांचा हा लेख नेचर नियतकालिकाने परत पाठवला होता, १९५३ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण इथे खूप जणांचा गोंधळ होतो. साखरेचे सहाच्या सहा कार्बन आत्तापर्यंत कार्बन डायऑक्साइड होऊन गेले, आणि श्वासातला ऑक्सिजन अजून आलेलाच नाही. आपण आत घेतो त्या ऑक्सिजनचा सरळ कार्बन डायऑक्साइड होत नाही, बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन साखरेतून आणि पाण्यातून आलेला असतो. मग श्वास कशासाठी? हमालांची ओझी उतरवायला.

मायटोकॉन्ड्रियाचा आतला पडदा घड्या घड्यांचा असतो, त्यात प्रोटीनचे मोठे गट एकापुढे एक बसवलेले. हमाल पहिल्या गटाला इलेक्ट्रॉन देतो, तो पुढच्याला, प्रत्येक पुढचा जास्त हावरा, आणि सगळ्यात शेवटी ऑक्सिजन, त्याने इलेक्ट्रॉन घेतले की पाणी तयार. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरवतात, पोफळीला त्यावर वीज काढतात आणि तेच पाणी कोळकेवाडीला अडवून पुन्हा वीज काढतात, एकदम समुद्रात सोडून देत नाहीत, तसं इथे इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने उतरवतात. चुलीत जी भेट क्षणात होते ती पेशी जितकी लांबवता येईल तितकी लांबवते. सायनाइड याच शेवटच्या टप्प्यावर बसतं, ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन मिळत नाहीत, रक्तात ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी गुदमरतात.

पण प्रत्येक टप्प्यावर सुटलेल्या ऊर्जेचं होतं काय? वर्षानुवर्षं लोक शोधत होते की एटीपी करणारा मधला रासायनिक पदार्थ कोणता, आणि तो सापडत नव्हता. १९६१ मध्ये पीटर मिचेल म्हणाले असा पदार्थ नाहीच. इलेक्ट्रॉन उतरताना हे गट प्रोटॉन (म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेतलेला हायड्रोजन) पडद्याच्या एका बाजूला पंप करतात, तिथे गर्दी होते, आणि ते परत खाली यायला बघतात त्या ओढीतून एटीपी होतं. म्हणजे घाटघरचा उदंचन प्रकल्प! तिथे शिल्लक विजेवर खालचं पाणी वरच्या धरणात चढवतात आणि गरज असेल तेव्हा सोडून टर्बाइन फिरवतात. मिचेलना बराच काळ फार कमी लोकांनी गंभीरपणे घेतलं, त्यांनी कॉर्नवॉलमधल्या ग्लिन हाउस नावाच्या जुन्या वाड्यात छोटी प्रयोगशाळा थाटून काम चालू ठेवलं, १९७८ मध्ये नोबेल मिळालं. त्या पडद्यावरचा दाब १५० ते २०० मिलिव्होल्ट, ऐकायला काहीच नाही, पण पडदा आहे मीटरचा काही अब्जांशच जाड, त्या हिशोबाने हे मीटरमागे ३ कोटी व्होल्टच्या घरात जातं, विजेच्या कडकडाटाच्या तोडीचं. आपल्या आत, आत्ता, हे वाचताना.

आणि टर्बाइनसुद्धा उपमा नाही, खरोखर आहे. एटीपी सिंथेज नावाचं प्रोटीन प्रोटॉन जाताना गोल फिरतं आणि एका फेरीत ३ एटीपी करतं. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी त्याचा एटीपी बनवणारा भाग तेवढा काचेवर बसवला, त्याच्या मधल्या फिरत्या दांड्याला चमकणारा धागा लावला आणि त्याला एटीपी दिलं, तर मायक्रोस्कोपखाली तो धागा पंख्यासारखा फिरताना दिसला (एटीपी खर्च करताना ते उलटं फिरतं). ज्यांनी याची यंत्रणा उलगडली त्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं.

तर एका ग्लुकोजमागे किती? जुन्या पुस्तकांत ३६ किंवा ३८ लिहिलेलं असतं, आता साधारण ३० ते ३२ धरतात, कारण एका एटीपीला लागणारे प्रोटॉन पूर्णांकात बसत नाहीत आणि माल आत-बाहेर न्यायलाही काही प्रोटॉन जातात. परीक्षेत तुमच्या पुस्तकात असेल ते लिहा, पण ३८ हा आकडा दगडावरची रेघ नाही.

पडद्याला मुद्दाम भोक पाडलं तर? प्रोटॉन टर्बाइन चुकवून परत येतात, एटीपी होत नाही, सगळी उष्णता होते. तान्ह्या बाळांच्या पाठीत, खांद्यांच्या मधे ब्राउन फॅट असतं, त्यात हे भोक निसर्गानेच ठेवलंय, कारण बाळाला आपल्यासारखं नीट कुडकुडता येत नाही, ते असं ऊब मिळवतं. पण हेच काम डीएनपी नावाचं रसायन अख्ख्या शरीरात करतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते वजन उतरवायला विकलं गेलं, वजन उतरायचंही, आणि माणसं आतून तापून मेली, १९३८ मध्ये ते थांबवावं लागलं. आजही ते फॅट बर्नर म्हणून ऑनलाइन चोरून विकलं जातं. त्यावर उतारा नाही. कृपा करून कुणीही हात लावू नका आणि जिममध्ये जाणारी ओळखीची मुलं असतील तर त्यांना सांगा.

आता काकूंचं उरलेलं अर्धं उत्तर. शरीरात असताना तांबड्या पेशींनी टाकलेलं लॅक्टेट रक्ताबरोबर लिव्हरला जातं आणि लिव्हर त्याचं परत ग्लुकोज करून रक्तात सोडतं. पेशीला एका ग्लुकोजमागे २ एटीपी मिळाले, लिव्हरला ते परत बांधायला ६ लागतात, आणि ती भर लिव्हर स्वतःच्या मायटोकॉन्ड्रियातून, ऑक्सिजन वापरून घालतं. दिवसरात्र हे चालू असतं, म्हणून रक्तातल्या इतक्या पेशी सतत खात असूनही आपली साखर तासागणिक घसरत नाही. बल्बात लिव्हर नाही. तिथे साखरेचं लॅक्टेट झालं आणि तसंच पडून राहिलं. काकूंना मी हे पुढच्या वेळी सांगितलं तेव्हा त्या गोळी चालू करून महिन्याने तपासणीला आल्या होत्या. रक्त घेऊन झाल्यावर मी करड्या टोपणाचा बल्ब हलक्या हाताने उलटासुलटा करत होते, फ्लोराइड नीट मिसळावं म्हणून, तर म्हणाल्या, "आता ने लवकर, खाऊन टाकतील."